दापोलीची तीन दिवसांची संस्था-नेतृत्व कार्यशाळा: पाच जणांची फी भरावी का?

दापोली तालुक्यातल्या एका निवासी केंद्रात स्वयंसेवी संस्थांसाठी तीन दिवसांची नेतृत्व कार्यशाळा जानेवारीत भरते. फी माणशी ४,५०० रुपये, राहणं-जेवण धरून. एका संस्थेतून किमान तीन, जास्तीत जास्त पाच जण. नंतर सहा महिने पाठपुरावा: महिन्यातून एकदा तासाभराचा फोन आणि मध्ये एक प्रत्यक्ष भेट. पाच जणांचे साडेबावीस हजार होतात, वर जाण्यायेण्याचं भाडं. छोट्या संस्थेला ही रक्कम जड जाते, त्यामुळे निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. संस्थेतून दोन विश्वस्त आणि वाडीवाडीत फिरणारी किमान एक कार्यकर्ती येणार असेल तर पैसे वसूल आहेत. फक्त सचिव, प्रकल्प समन्वयक अशी कार्यालयातलीच माणसं येणार असतील तर हे पैसे प्रवासखर्चाच्या खात्यात ठेवावेत, संस्थेचं जास्त भलं होईल.

या कार्यशाळेचं बळ असं की ती कोणाच्या स्वभावावर घसरत नाही. ‘नेत्यानं ऐकून घ्यावं’, ‘सगळ्यांना बरोबर घेऊन चालावं’ ही वाक्यं कोणत्याही शिबिरात मिळतात आणि घरी पोचेपर्यंत विरून जातात. इथे पहिल्या तासापासून विषय असतो तो सभेची वेळ, सभेची जागा, एसटीचं भाडं आणि चेकवर चालणाऱ्या सह्या. संस्थेत कोणाचं चालतं आणि कोण गप्प बसतं, हे बहुतेक वेळा या चार गोष्टींवरून ठरतं. प्रशिक्षकांना ते पक्कं ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येक संस्थेला आपल्या कामाच्या एका गावाचा नकाशा हातानं काढायला लावतात. रस्ता, पऱ्या (ओढा), देऊळ, मशीद, शाळा, जेटी आणि एकेक वाडी नावानिशी. मग टिकल्या चिकटवायच्या. विश्वस्तांच्या घरांवर लाल, पगारी किंवा मानधनावरच्या कार्यकर्त्यांच्या घरांवर निळ्या, आणि ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्या कुटुंबांवर हिरव्या. कोकणातलं गाव वाड्यांचं आणि वाडी बहुतेक ठिकाणी जातीनं ओळखली जाणारी. त्यामुळे एकही टक्केवारी न मांडता चित्र समोर येतं. लाल टिकल्या हमरस्त्याला लागून असलेल्या दोन वाड्यांत. हिरव्या खाडीपलीकडे, बौद्धवाडीत, मोहल्ल्यात, डोंगराच्या कुशीतल्या कातकरवाडीत. निळ्या यांच्या मधे कुठेतरी. शेवटची पायरी सर्वांत मोलाची: मासिक सभा जिथे भरते तिथे फुली मारायची आणि प्रत्येक हिरव्या टिकलीपासून त्या फुलीपर्यंत पायी किती मिनिटं लागतात ते लिहायचं. सभा देवळाच्या सभामंडपात भरत असेल तर अंतर दहा मिनिटांचं असूनही काही वाड्यांतून माणूस फिरकत नाही. एरवी हे सभेत बोलून दाखवायला कोणी धजत नाही. नकाशा मधे ठेवला की विश्वस्त स्वतःच त्या फुलीकडे बोट दाखवून बोलायला लागतात.

उपाय मात्र इथे घाईनं उरकला जातो. ‘सभा शाळेत घ्या’ एवढं सांगून प्रशिक्षक पुढे सरकतात. शाळा मोकळी मिळते संध्याकाळी पाचनंतर, आणि बऱ्याच गावांतली तालुक्याला जाणारी शेवटची गाडी त्याच सुमारास सुटते. मासळी विकणारी बाई पहाटे लिलावाला, तिथून टोपली घेऊन बाजाराला, आणि दुपारी घरी. तिला तीन ते पाच ही वेळ सोयीची. मजुरीला जाणारीला सातच्या आत येता येत नाही. सगळ्यांना चालेल अशी एक वेळ नसतेच. म्हणून सभेच्या जागा आणि वेळा दोन्ही फिरत्या ठेवाव्या लागतात: एक सभा दुपारी तीनला बंदरावर, पुढची रात्री आठला वाडीतल्या समाजमंदिरात, आणि बारा महिन्यांचं वेळापत्रक एप्रिलमध्येच छापून प्रत्येक वाडीत लावलेलं. आयत्या वेळी ठरलेल्या सभेला फोन आणि वाहन असलेलेच येतात. हा मुद्दा कार्यपुस्तिकेत एका ओळीत आहे. त्याला अर्धा तास मिळायला हवा होता.

दुपारचं निर्णयांच्या कार्डांचं सत्र हा या तीन दिवसांचा गाभा. २४ कार्डं असतात आणि प्रत्येकावर एक निर्णय. गावबैठकीच्या चहापाण्याचे ३०० रुपये. कार्यकर्तीची दोन दिवसांची रजा. देणगीदाराला कोणाचे फोटो जातील. भाड्यानं गाडी करणं. नवी नेमणूक. कोणाला कामावरून कमी करणं. वार्षिक अंदाजपत्रक. जमीन घेणं. भिंतीवर चार रकाने: विश्वस्त मंडळ, सचिव, प्रकल्प समन्वयक, गावपातळीची कार्यकर्ती. पहिल्या फेरीत आज प्रत्यक्षात कोण ठरवतं ते लावायचं, दुसऱ्या फेरीत कोणी ठरवायला हवं ते. एक कार्ड एकाच रकान्यात. ‘आम्ही चर्चा करून ठरवतो’ हे उत्तर घेतलं जात नाही, आणि ते योग्यच आहे. तसं म्हणणाऱ्या संस्थांत शेवटचा शब्द नेहमी एकाचाच असतो.

हा सराव पुष्कळ जण आपापल्या संस्थेत करून बघतात आणि तो फसतो. कारण साधं आहे. विश्वस्त समोर बसले असताना कार्यकर्ती कार्ड लावताना मान राखते. इथे पहिली फेरी फक्त कार्यकर्ते लावतात आणि तेवढा वेळ विश्वस्त व सचिव दुसऱ्या खोलीत त्याच कार्डांचा वेगळा संच लावतात. नंतर दोन्ही तक्ते शेजारी टांगायचे आणि जी कार्डं जुळत नाहीत तेवढ्यांवरच बोलायचं. जुळलेल्या कार्डांवर वेळ घालवायचा नाही. नेहमी दिसणारं चित्र असं: ३०० रुपयांच्या चहापासून जमिनीपर्यंत सगळं सचिवांच्या रकान्यात गर्दी करून, विश्वस्तांच्या रकान्यात दोन-तीन कार्डं, चौथा रकाना रिकामा.

तिथून प्रशिक्षक रकमांवर येतात. नमुन्याला ते असे टप्पे देतात: गावपातळीला ५०० रुपयांपर्यंत स्वतःच्या अधिकारात, समन्वयकाला ५,००० पर्यंत, सचिवाला २५,००० पर्यंत, त्यावर मंडळाचा ठराव. आकडे संस्थेनं आपल्या अंदाजपत्रकाप्रमाणे बदलावेत. महत्त्वाच्या आहेत त्या तीन अटी. हे अधिकार ठराव करून इतिवृत्तात नोंदवायचे, तोंडी ठेवायचे नाहीत. पैसे आधी उचल म्हणून द्यायचे, नंतर बिलावर नाही. आणि बिल असूनही खर्चाचा अंदाज चुकला, तर पहिल्या चुकीला अधिकार काढून घ्यायचा नाही. तिसरी अट संस्था सर्वांत लवकर मोडतात. एकदा ४०० रुपयांची सतरंजी अनावश्यक निघाली की सगळे अधिकार पुन्हा वर जातात आणि पुढची दोन वर्षं कोणी स्वतःहून काही ठरवत नाही.

शेवटच्या कार्डावर लिहिलेलं असतं: ‘संपर्क तुटला तर’. कोकणाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद होते. २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. अशा वेळी धान्याचं गोदाम उघडायचं की नाही, हे गावात असेल त्यानंच ठरवायचं असतं. किल्ली कोणाकडे, किती किलोपर्यंत वाटप, नोंद कोणत्या वहीत: या तीन गोष्टी मे महिन्यात लिहून ठेवायला प्रशिक्षक सांगतात. सबंध कार्यशाळेत लगेच उचलण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडीन.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात स्वमूल्यमापनानं होते. ६४ पानी कार्यपुस्तिकेत २० वाक्यं आहेत आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. हा भाग कागदावर चालत नाही. कार्यकर्ते सचिवांच्या शेजारी बसून भरतात, अक्षर ओळखू येतं, आणि सगळे चार-चार गुण देतात. सुदैवानं प्रशिक्षकांनी त्याला दुसरी वाट काढली आहे. २० पैकी आठच वाक्यं घ्यायची. खोलीच्या कोपऱ्यात पडद्याआड प्रत्येक वाक्यासाठी तीन डबे: होय, कधी कधी, नाही. कार्यकर्त्यांच्या हातात चिंचोके, विश्वस्तांच्या हातात काजूबिया. एकेकानं आत जायचं, डब्यात टाकायचं, बाहेर यायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी डब्यांवर चित्रं आणि वाक्य कानात सांगायला दुसऱ्या संस्थेतलं माणूस. नंतर डबे सर्वांसमोर ओततात. ‘वाईट बातमी आणणाऱ्याला आपल्याकडे बोलणी बसत नाहीत’ या वाक्याला काजूबिया एका डब्यात आणि चिंचोके दुसऱ्या डब्यात पडलेले दिसले की कोणाचंही नाव न घेता बोलणं सुरू होतं. मात्र एक पथ्य ते पाळतात आणि घरी करताना संस्थांनीही पाळावं: एका गटात पाचापेक्षा कमी माणसं असतील तर हे करू नये. तिघांत एकच ‘नाही’ पडला तर तो कोणाचा हे सगळ्यांना कळतं, आणि त्या माणसाचं पुढचं वर्ष कठीण जातं.

संस्थापकांसाठीचा सराव त्याच दिवशी दुपारी. ‘उद्यापासून सहा आठवडे तुम्ही नाही’ असं धरून संस्थेतल्या इतरांनी काय अडेल याची यादी करायची. संस्थापकानं त्या वेळात बोलायचं नाही. यादी मूल्यांपासून सुरू होत नाही, ओटीपीपासून होते. बँकेचा, प्राप्तिकराच्या पोर्टलचा, वीजबिलाचा ओटीपी एकाच मोबाइलवर. डिजिटल सही त्यांच्या लॅपटॉपच्या पिशवीत. कार्यालयाच्या जागेचा सातबारा आणि संस्थेची मूळ घटना, म्हणजे नियमावली, त्यांच्या घरच्या कपाटात. देणगीदारांचे नंबर त्यांच्या फोनमध्ये. प्राप्तिकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख फक्त त्यांच्या डोक्यात. दुसरं नेतृत्व तयार होत नाही अशी तक्रार करणाऱ्या संस्थांत पुष्कळदा दुसऱ्या माणसाकडे साधी किल्लीही नसते. यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख टाकायची, आणि खरोखरची दोन आठवड्यांची रजा संस्थापकानं तिथेच लिहून द्यायची. पाठपुराव्याच्या फोनवर पहिला प्रश्न त्या रजेचाच असतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

नव्या माणसांना विश्वस्त करण्याचा कायदेशीर भाग धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या एका निवृत्त कर्मचाऱ्यांनी घेतला आणि तो उत्तम होता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला बदल ९० दिवसांच्या आत त्या कार्यालयाला कळवावा लागतो. त्यालाच संस्था चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत, नाव चढेपर्यंत बँक सह्या बदलताना खळखळ करते. म्हणजे मोठ्या उत्साहानं मंडळावर घेतलेली तरुण कार्यकर्ती किंवा मच्छीमार महिला प्रत्यक्षात वर्ष-दोन वर्षं नुसतीच बसून राहते. अर्ज अडकतात ते ठरलेल्या जागी. सभेची नोटीस घटनेत दिलेल्या मुदतीत काढलेली नसते, किंवा काढली पण ती मिळाल्याची पोच नसते. राजीनामा दिलेल्या विश्वस्तांचं लेखी पत्र नसतं. ‘त्यांनी फोनवर सांगितलं’ हे चालत नाही. वारलेल्यांचा मृत्यूचा दाखला लावलेला नसतो. नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं राहतात. गणपूर्ती किती हे घटनेत एक आणि इतिवृत्तात दुसरं. आणि २०१२चा बदल मंजूर नसताना २०२४चा अर्ज दाखल केलेला असतो. वक्त्यांनी प्रत्येकाला आपली घटना उघडून नोटिशीची मुदत आणि गणपूर्तीचा आकडा पुस्तिकेत उतरवून घ्यायला लावला. घटनेची प्रत सोबत न आणलेल्यांचा हा तास वाया गेला. नोंदणीच्या वेळीच ‘घटना आणि परिशिष्ट एकची प्रत आणा’ असं ठळकपणे कळवायला हवं.

आता मोठी उणीव. कोकणातल्या संस्थांची जडणघडण निराळी आहे. कित्येक संस्थांचं विश्वस्त मंडळ मुंबईत आणि काम गावात. गावच्या मंडळांची तर मुंबई कमिटी आणि ग्रामीण कमिटी अशी जुनी विभागणीच असते. पैसा मुंबईकरांनी उभा केलेला, सभा दादर-परळला रविवारी, आणि गावातल्या कार्यकर्त्याला त्या सभेला जायचं तर शनिवारी रात्रीची गाडी आणि सोमवारचा खाडा. गणपतीत आणि शिमग्याला विश्वस्त गावी येतात, तेव्हा दोन दिवसांत वर्षभराचे निर्णय होतात. घाईत, पाहुण्यांच्या गर्दीत, आणि बायका स्वयंपाकघरात असताना. सर्वसमावेशक नेतृत्वाचा कोकणातला पहिला प्रश्न हा आहे. कार्यशाळेत त्याला तिसऱ्या दिवशीची शेवटची ४० मिनिटं मिळाली, आणि तोवर दोन संस्थांची माणसं गाडी गाठायला उठली होती. वर्षातून किमान दोन मंडळ सभा गावात घ्यायच्या, गावातून जाणाऱ्यांचं भाडं व बुडालेली मजुरी संस्थेनं द्यायची, ऑनलाइन सभा असेल तर नेटवर्क मिळेल अशा जागी गावातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एक फोन मधे ठेवायचा, सणाच्या दिवसांत ठराव करायचेच नाहीत, आणि मंडळावर गावातल्या सदस्यांच्या जागा घटनेतच राखून ठेवायच्या: एवढं तरी तपशिलानं यायला हवं होतं. घटनादुरुस्तीला वेगळी प्रक्रिया आणि वेळ लागतो. तोवर पहिल्या चार गोष्टी साध्या ठरावानं उद्यापासून करता येतात.

मानधनाचा विषय त्याहूनही आखडता हात ठेवून घेतला. इथल्या मातीत सेवेची कल्पना त्यागाशी बांधलेली आहे. याच तालुक्यातल्या मुरुडात वाढलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी १९०८मध्ये निष्काम कर्म मठ उभारला, आणि आयुष्य वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांवर संस्था उभ्या राहिल्या. त्या परंपरेबद्दल मनापासून आदर आहे. पण आज त्याच शब्दांच्या आधारानं चार महिन्यांचं मानधन थकवलं जातं, आणि ते मागणारीला ‘समर्पण कमी आहे’ असं ऐकावं लागतं. घरात दुसरी मिळकत असलेलेच मग टिकतात आणि तेच पुढे नेतृत्वात येतात. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातली मुलगी दोन वर्षांत मुंबईला किंवा आंब्याच्या कॅनिंगला जाते. कार्यशाळेत पगाराच्या श्रेणी, मानधन देण्याची ठरलेली तारीख, अनुदान उशिरा आलं तर आधी कोणाचं थांबवायचं, यांवर एकही सराव नाही. मानधन थांबवायचंच झालं तर सुरुवात वरच्या पगारापासून व्हावी, हा एक ठराव जरी प्रत्येक संस्थेनं करून नेला असता तरी पुष्कळ झालं असतं.

निधीबद्दल एक गैरसमज मात्र तिथे चांगला दूर केला. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणावर ती लागते असं सांगून कोणी अंदाजपत्रकातली ओळ खोडत असेल तर नियम दाखवावा. परदेशी देणगीच्या खात्याची गोष्ट वेगळी: तिथे परदेशी देणगी कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, त्यामुळे ही फी त्यातून द्यायची तर आधी लेखापरीक्षकांना विचारावं.

लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३च्या कायद्यावरचं सत्र अचूक पण तोकडं. दीड तास, तोही जेवणानंतर. सर्वांत उपयोगी माहिती मोजणीची: दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची, आणि कर्मचाऱ्यांत मानधनावरचे, तात्पुरते, विनावेतन स्वयंसेवकसुद्धा येतात. ‘आमच्याकडे पगारी चारच’ म्हणणाऱ्या संस्था या मोजणीत सहज दहाच्या वर जातात. समितीत अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन कर्मचारी, एक बाहेरची सदस्य, आणि एकूण निम्म्या तरी महिला. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. चुकतं कुठे हेही स्पष्ट सांगितलं. सचिवांच्या पत्नीला अध्यक्ष करतात आणि बाहेरची सदस्य म्हणून संस्थापकांच्या ओळखीतल्या बाईंचं नाव घालतात. अशा समितीकडे कोणी येत नाही, आणि संस्था ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असं अहवालात लिहिते. राहून गेलेली गोष्ट मोठी आहे: तक्रार खुद्द संस्थेच्या प्रमुखाविरुद्ध असेल किंवा दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ज्या संस्थांत संस्थापक म्हणजेच सर्व काही, तिथल्या कार्यकर्तीला सर्वांत आधी हे माहीत असायला हवं. हे सत्र सकाळी, पूर्ण तीन तास, आणि पहिला तास फक्त महिलांसाठी असं घ्यावं.

राहण्याची व्यवस्था स्वच्छ, पाणी भरपूर, खोल्या तिघींत एक. जेवणात भाकरी, कुळथाची पिठी, एक भाजी, आणि दोन्ही वेळा मासळी व शाकाहारी जेवण एकाच पंगतीत. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी वेळ मोकळा ठेवला होता आणि तो वेळापत्रकात छापलेला होता, कोणाला परवानगी मागावी लागली नाही. अशा गोष्टींची नोंद आवर्जून घ्यावी. पण मुख्य दालन पहिल्या मजल्यावर. जिना जांभ्याच्या चिऱ्यांचा, पायऱ्या उंच-सखल, कठडा एकाच बाजूला आणि अर्ध्यातच संपणारा. कुबडी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीला दिवसातून चार वेळा दोघांचा आधार घ्यावा लागतो आणि ती तिसऱ्या वेळी चहाला खाली येतच नाही. खाली पडवी मोठी आहे. तिथे तीस माणसं आरामात बसतात. समावेशकतेवरची कार्यशाळा खालीच घेतली पाहिजे, याला दुसरा पर्याय नाही.

भाषेचं म्हणाल तर पहिल्या सकाळी ‘गव्हर्नन्स’, ‘स्टेकहोल्डर’ बरंच झालं. दुपारनंतर प्रशिक्षक सावरले आणि मालवणीत, मोहल्ल्यातल्या बोलीत मांडणाऱ्यांना थांबवून ‘म्हणजे काय’ असं न विचारता तेच शब्द फळ्यावर लिहू लागले. पुस्तिकेची मराठी सरळ आणि वाचण्याजोगी आहे. टाइप मात्र बारीक.

सिंधुदुर्गातल्या संस्थांनी प्रवासाचा हिशेब आधी करावा. कुडाळहून खेडपर्यंत रेल्वेनंच चार-पाच तास, पुढे एसटीनं आणखी तासभर. म्हणजे तीन दिवसांचे पाच होतात. लहान मूल असलेल्या कार्यकर्तीला ते जमत नाही, आणि मुलाला सोबत आणण्याची सोय सध्या नाही. चार-पाच संस्था एकत्र आल्या तर कुडाळ-सावंतवाडी भागात तुकडी घेण्याची तयारी आयोजक दाखवतात. त्याचा आग्रह धरावा.

पाठपुराव्याबद्दल समाधान आहे. फोन ठरल्या वेळी येतो आणि सचिवांबरोबरच एका कार्यकर्त्यालाही वेगळा येतो. प्रत्यक्ष भेटीत ते इतिवृत्ताची वही उघडून बघतात: गेल्या तीन सभांत कोणाचं म्हणणं नावानिशी नोंदलं गेलं, कोणता ठराव कोणी मांडला, अधिकारांचा ठराव झाला का. वही कोरी असेल तर तसं स्पष्ट सांगतात. सहा महिने मात्र थोडे पडतात. पुढच्या वर्षीच्या निवडीपर्यंत, म्हणजे बारा महिने, हा धागा राहायला हवा.

तारखेचा प्रश्न शेवटी, पण लहान नाही. जानेवारी निवडण्यामागे विचार दिसतो: भातकापणी संपलेली, आंब्याची धावपळ सुरू व्हायची, शिमगा लांब. पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली असतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीच्या तुकडीत त्यामुळे कातकरवाडीतलं कोणी येऊ शकत नाही, त्यांच्याबद्दल बोलणारेच येतात. लावणी आटोपल्यावर, गणपतीच्या आधी, ऑगस्टचा पहिला पंधरवडा मोकळा मिळतो आणि तेव्हा सगळे गावात असतात. नोंदणीचा फॉर्म भरताना ‘सूचना’ या रकान्यात ऑगस्टच्या तुकडीची मागणी लिहावी, आणि सोबत आपल्याकडून कोण कोण येईल त्यांची नावंही द्यावीत.